अकरावी पाटी

लॉर्ना हेडलीने पार्कच्या पाट्यांचं काम घेतलं तेव्हा गावाला ते फार हृद्य वाटलं. ज्या पार्कात बाप भरकटला, त्याच पार्कात लेक वाटा दाखवणार! कुणी तोंडावर तसं म्हणालं की ती मान डोलवायची आणि मनातल्या मनात दातओठ खायची, कारण बाप भरकटला नव्हताच. शेवटच्या वर्षी विल्फ हेडलीला लेकीचं नाव आठवत नव्हतं, चहात साखर घातली की नाही तेही आठवत नव्हतं. पण पार्कातल्या लाकडी पाट्या तीस वर्षं त्याने स्वतःच्या हाताने रंगवल्या होत्या, आणि शेपटीला बारीक चीर असलेला आपला बाण दिसला की तो निमूट त्या दिशेने चालायचा आणि जेवणाच्या वेळेला घरी यायचा. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतही तो बाणामागेच गेला. बाण फिरवलेला होता.

फिरवला होता कीथ प्रॉक्टरने, पार्कच्या व्यवस्थापकाने. लोक कॅफे टाळून परस्पर घरी जातात म्हणून त्याने तिठ्यावरच्या खांबाची पाटी सैल करून कॅफेच्या वाटेकडे वळवली. हिवाळ्यात कॅफे बंद, आणि त्याच्यापुढे जुन्या वीटभट्टीची मातीची खाण, काठोकाठ पाण्याने भरलेली. विल्फ तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात सापडला. त्या दिवशी खांबावरचा नवा कोरा बोल्ट लॉर्नाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, पण चौकशी होईतो पाटी पुन्हा सरळ झाली होती, आणि कीथ टोपी छातीशी धरून म्हणाला होता, "पाटी बघून चालणारा माणूस कधी चुकत नाही, साहेब."

म्हणून तिने हे काम घेतलं. कुणाच्या बापाला फिरवता येणार नाहीत असे एकसंध ओतलेले खांब उभे करायचे, आणि खाणीपाशी खोल पाण्याची सूचना लिहायची, एवढंच तिला हवं होतं.

"'खोल' कशाला, पोरी?" कॅफेत बसून मजकूर वाचताना कीथ म्हणाला. "लोक मजा करायला येतात. त्यापेक्षा इथे एका पाणमांजराचं चित्र घाल. टोपीवालं."

"तिथे चाळीस फूट पाणी आहे."

"आहे ना. पण फलकावर शब्द पन्नासच मावतात. आणि जरा हसून लिही गं, बाई भांडायला उठल्यासारखी वाटते."

पैसे पार्कचे, शेवटचा शब्दही पार्कचाच. तिने 'खोल पाणी' खोडलं. मग तिने खांबांचा नकाशा पुढे सरकवला, दहा जागी दहा खांब आहेत, मोजून घ्या म्हणाली, आणि कीथने चहाचा कप त्याच्यावरच ठेवून, न बघता सही ठोकली.

पाट्या छापून आल्या तेव्हा पहिल्याच बाणाच्या शेपटीला चीर होती. तिने छापखान्यात फोन केला.

"पाठवलंत तसंच छापलंय, बाई."

तिने संगणकावर पाहिलं. चीर तिथेही होती, दहाही बाणांना. आपण कधी काढली ते तिला काही केल्या आठवेना. खिडकीत जॅमच्या बरणीत बाबांचा ब्रश होता, चौदा महिने वाळून काडीसारखा कडक झालेला. काम संपलं की आधी ब्रश धुवायचा, मग चहा, असं बाबा म्हणायचे. हा एकच तेवढा धुवायचा राहिला होता, आणि त्याला हात लावायचं तिच्याने होत नव्हतं.

खांब रोवणाऱ्या डगीचा फोन आला. "लॉर्ना, खाणीकडचा अकरावा खड्डा कशासाठी?"

"अकरावा नाहीच. बुजवून टाक."

"कालच बुजवला होता की."

नव्या पाट्यांच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, रविवारी, लख्ख ऊन पडलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला कीथचा फोन आला. तो एकटाच पाट्यांमागून एकदा चालून बघायला निघाला होता.

"काय गं पोरी, ही तुझी अकरावी पाटी नेते तरी कुठे?"

"मी दहाच केल्यात."

"मग ही काय? लाकडाची आहे. 'कॅफे, पाच मिनिटं' म्हणते. चाळीस मिनिटं चालतोय आणि फिरून फिरून हिच्याचपाशी येतोय." तो हसला, पण ते हसू पुरतं फुटलं नाही. "रंग ओला आहे अजून. बोटाला लागला."

लॉर्नाने सहीचा नकाशा काढून टेबलावर पसरला. कपाचा गोल डाग, खाली कीथची सही, आणि डागाच्या मधोमध, खाणीच्या काठावर, अकरावा ठिपका.

"नकाशावर आहे खरी," ती म्हणाली. "सही तुमचीच आहे."

"अगं, सही करताना कोण बघतं?" मग फोनमधून चिखलात बूट रुतल्याचा आवाज आला. "लॉर्ना, ह्या बाणाला शेपटीशी चीर आहे. पायाखाली पाणी लागतंय मला. कुठून जाऊ? सांग ना गं."

पार्काची इंच न् इंच वाट तिला पाठ होती. पाटीकडे पाठ करा, ऊन उजव्या गालावर घ्या, दहा मिनिटांत गाड्यांपाशी पोचाल. हे सगळं तिच्या जिभेवर आलं. तेवढ्यात छातीशी धरलेली ती टोपी तिला दिसली, आणि चौदा महिने गिळलेला संताप एकदाचा तिच्या तोंडाशी आला, अगदी शांतपणे.

"पाटी बघून चालणारा माणूस कधी चुकत नाही, साहेब," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती खिडकीपाशी गेली आणि पहिल्यांदाच तिने बाबांचा ब्रश उचलला. केस मऊ होते. टोकाशी पांढरा रंग ओथंबला होता. तिने सवयीने टर्पेंटाइनची बाटली पुढे ओढली, झाकण उघडलं, क्षणभर थांबली, आणि झाकण परत लावलं.

ब्रश तिने तसाच, न धुता, बरणीत ठेवला.