रक्तातला वाटा

अब्बांचं हृदय चाळिशीतच बंद पडलं, मागोमाग धाकट्या चाचांचंही. तेव्हापासून सफूराने जिभेला लगाम घातला. मोहल्ल्यात कुणाचीही दावत असो, ती घरून उकडलेला दुधी खाऊन जायची. तिच्या धाकट्या बहिणीचं, यूम्नाचं, सगळं उलटं. तिचा केटरिंगचा धंदा. चव बघता बघता ती वाटीभर मटणाचा रस्सा संपवायची आणि वर खदखदून हसायची.

पनवेलमध्ये खारघरच्या एका विद्यापीठाने शिबिर लावलं, तेव्हा यूम्नाला ओढत नेलं ते सफूरानेच. लोकांचं रक्त गोठवून जपायचं, त्यातली जनुकं वाचायची आणि कुणाला कोणता आजार गाठेल, कोणतं औषध मानवेल ते शोधायचं, असं ते काम. त्याला बायोबँक म्हणत. दोघींनी रक्त दिलं.

वर्षभराने फोन आला तो यूम्नाला.

"आपा, माझं रक्त खास आहे म्हणे! माझं कोलेस्टेरॉल चढतच नाही. एक जनुक जन्मापासून बंद आहे, त्यामुळे."

"छान," सफूरा म्हणाली. हातातलं भांडं तिने जरा जोरातच आपटलं.

मग यूम्नाला न्यायला विद्यापीठाची गाडी येऊ लागली. लग्नकार्यात बायका तिलाच त्या रक्ताबद्दल विचारायच्या. सफूरा कोपऱ्यात बसून ऐकायची आणि आतल्या आत जळायची. गोरा रंग हिला, अम्मीचे दाट केस हिला, आता हेही हिलाच. इतकी वर्षं मन मारलं मी, आणि बक्षीस रस्सा ओरपणाऱ्या बाईला!

त्यात सफूराचे पाय दुखायचे. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून मांड्या आतून पिळल्यासारख्या व्हायच्या. एकदा बोलली, तर यूम्ना म्हणाली होती, "चालायचा कंटाळा, आपा, दुसरं काय!" सफूरा पुन्हा कुणाकडे बोलली नाही. गोळ्या मात्र गुपचूप मोरीत टाकू लागली.

एक दिवस विद्यापीठातल्या डॉक्टर अंकिताचा फोन आला. "सफूराजी, तुम्हाला भेटायचं होतं."

"यूम्नाशी ताडून बघायला ना? मला वेळ नाही." तिने फोन ठेवला. पुढचे फोन तर उचललेच नाहीत.

शेवटी सफूरा शिकवायची त्या शाळेच्या फाटकाशी यूम्नाच येऊन उभी राहिली. "अंकिता मॅडम तुझी सारखी विचारपूस करतायत. कशासाठी ते मला सांगत नाहीत. चल ना माझ्याबरोबर."

"तुझ्या मागे मागे? ते रक्त मला मिळायला हवं होतं, यूम्ना. पथ्य मी पाळलं."

यूम्नाचं तोंड उतरलं. "हो, तुलाच मिळायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. "मी काय करू, आपा?"

दुसऱ्या दिवशी सफूरा एकटीच खारघरला गेली.

अंकिताने तिला समोर बसवलं. "अब्बांचा कोलेस्टेरॉल वाढवणारा दोष तुमच्यात उतरलाय. म्हणून पथ्य पुरत नाही. आणखी एक, तुमच्या जनुकांमुळे ही गोळी तुमच्या अंगात साठून राहते. पाय दुखतात का?"

"लोक कंटाळा म्हणतात त्याला. मी गोळी केव्हाच सोडलीय."

"कंटाळा नाही तो. पण असं मनाने औषध सोडायचं नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून आपण दुसरं सुरू करू. एक इंजेक्शन आहे. यूम्नाचं जे जनुक जन्मापासून बंद आहे, त्याचंच काम ते रोखतं. तिच्यासारख्या माणसांच्या रक्तावरूनच सुचलं ते शास्त्रज्ञांना."

"म्हणजे तिला जे आयतं मिळालं, ते मी टोचून घ्यायचं?"

"हो."

"द्या," ती म्हणाली. आवाजात धुसफूस होतीच.

पोटाला सुई टोचायला ती स्वतःच शिकली. यूम्ना मदतीला आली, तर तिला दाराबाहेर उभं केलं. या औषधाने मांड्या पिळल्या नाहीत. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा निम्म्यावर आला, तेव्हा यूम्नाने अधीर होऊन विचारलं, "किती आलं, आपा?"

"निम्मं झालं. पण तुझ्यापेक्षा जास्तच आहे अजून," सफूरा फणकारली.

यूम्ना तिच्या गळ्यात पडून रडू लागली. सफूराने तिला दूर केलं नाही. फक्त मनात म्हणाली, रडतानासुद्धा ही किती सुंदर दिसते!