प्रशिकनं फोन काहून नाही केला

बाया म्हणतेत, "प्रेमिला, रडून घे वं, मोकळी हो." अव माय, रडायले तोंड लागते! ज्याच्या हातून काही झालं नाही त्यानं रडावं.

आमचं गाव उमरेडच्या अंगाला, जंगलाले लागून. नाल्यापाशी मोहाची चार झाडं आमच्या वाट्याची. आधी सासूनं वेचली, मग म्या. मोहफूल पहाटे गळते, अन् खाली पाला असला तर दिसत नाही. म्हणून फूल सुरू व्हायच्या आधी पाला जाळायचा. झाडून काढता येते, नाही असं नाही. पण झाडायले दोन दिवस लागतेत अन् काडी ओढायले दोन मिनिटं. साऱ्या गावच्या बाया हेच करतेत. फक्त पुरतं विझेपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढंच पाळायचं.

माहा प्रशिक जंगल खात्यात फायर वाचर होता, उन्हाळ्यापुरता. कुठी धूर दिसला का गार्डले फोन करायचा, मग टोळी येते, मिळून विझवतेत. एकट्यानं आगीत शिरायचं नाही, असा नियम. दरसाल मले दम द्यायचा, "आई, औंदा काडी लावली तर तुलेच पकडून नेईन." म्या म्हणायची, "नेजो बाप्पा, तेवढाच आराम."

औंदा बी म्या लावली. पाला जळत आला होता, तेवढ्यात त्याचा फोन. "आई, आज जेवायले घरी येऊन राहिलो. डब्याचं खाऊन खाऊन कंटाळलो." आठ दिवसांनी पोरगा घरी जेवणार! म्या पाहिलं, धूर पातळ झाला होता. एक ओंडका धुसफुसत होता, त्याच्यावर पायानं माती लोटली अन् घरी पळाली. कोणती घाई झाली होती मले? पाच भाकरी टाकायची!

भाकरी झाल्या, वांग्याची भाजी झाली, प्रशिक काही आला नाही. सून माया अंगणात उभी राहून त्याले फोन लावत होती. लागला. "आलोच, पाच मिनिटं," म्हणे.

तो तेव्हा नाल्यापाशी होता. येता येता त्याले धूर दिसला असन. नाल्यापाशी कोणाची झाडं, हे गावातल्या शेंबड्या पोराले बी माहीत आहे. टोळी आली असती तर पहिले हेच विचारलं असतं. माह्या पोरानं गाडी रस्त्यावर लावली, ओली फांदी तोडली अन् एकटा आत शिरला. मग वारा फिरला.

नागपूरच्या दवाखान्यात तीन दिवस होता. शुद्धीवर होता, हेच वाईट. गार्डनं विचारलं, "फोन काहून नाही केला गा?" प्रशिकनं माह्याकडं पाहिलं. "रेंज नव्हती," म्हणे. म्या ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसत होती. पुसतच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी गेला.

जंगल बी तीन दिवस जळलं. पार टेकडीपर्यंत काळं. रानकोंबडी अंड्यांवरून उठली नाही, तशीच कोळसा झालेली सापडली. हरणं नाला सोडून गावात आली अन् कुत्र्यायनं फाडली. औंदा गावात कोणाच्याच टोपलीत मोहफूल नाही, तेंदूपान नाही, ढोरायले गवत नाही. बाया माह्या अंगणात बसून शिव्या द्यायच्या, "ज्यानं आग लावली त्याचं वाटोळं होवो." माया सगळ्यायहून जोरात द्यायची. अन् मग उठून मले चहा आणून द्यायची.

पण तिचं दुखणं वेगळंच. चौकशीत फोनचा हिशेब निघाला. रेंज होती. आगीतून तो बायकोशी बोलला होता! मग कागदावर आलं, का नियम मोडला, खोटं बोलला, मरण त्याच्याच निष्काळजीपणानं. गावातले म्हणू लागले, हिरो बनायले गेला. माया रोज मले विचारायची, "आई, माह्याशी बोलले, मग गार्डले काहून नाही?" म्या म्हणायची, "मले काय माहीत."

मे महिन्यात जंगल खात्याच्या नागपूरच्या ऑफिसात शेवटच्या जबाबाले बोलावलं. दोघी गेलो. अरुंधती मॅडम म्हणून साहेबीण होती, भली बाई. तिनं कागद वाचून दाखवला. "निष्काळजीपणा" हा शब्द आला अन् माया हुंदका देऊन रडली. मले नाही सहन झालं.

"मॅडम, तो शब्द खोडा," म्या म्हटलं. "माहा पोरगा निष्काळजी नव्हता. आग म्या लावली. विझवायच्या आधी उठून आली. त्याले समजलं का आग आईची आहे, माह्यावर केस होईन, म्हणून फोन नाही केला त्यानं. लिहा."

मॅडमनं पेन खाली ठेवला. माह्यापुढं पाण्याचा गिलास सरकवला. मग मायाले विचारलं, "हे खरं आहे का?"

माया माह्याकडं पाहत होती. तिचं रडणं थांबलं होतं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "प्रशिक गेले तेव्हापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही. कुठी सही करू?"

तिनं सही केली. त्या शब्दाखाली.

बाहेर म्या तिचा हात धरला. "माया, काहून वं? त्याचं नाव साफ झालं असतं ना!"

तिनं हात सोडवला. "त्यायनं जीव देऊन तुमाले झाकलं. ते म्या कशी उघडं पाडू? त्यायच्यासाठी केलं. तुमच्यासाठी नाही."

बस स्टँडवर उमरेडची गाडी लागली होती. ती तिच्यात चढली नाही. पलीकडं कुहीची उभी होती, तिच्यात जाऊन बसली; तिचं माहेर कुहीले आहे. म्या मागं मागं गेली, खिडकीखाली उभी राहिली. म्हटलं, "माया, पाणी तरी घेऊन जा बाई."

ऊन नुसतं भाजून काढत होतं. गाडीतल्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या. तिनं तिची लावून घेतली.