सरांची मुलाखत आणि मावशीचं मनगट

मावशी न्हाणीघरात घसरली, भिंतीला हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कॅन्सरच्या उपचारांनी तुमची हाडं ठिसूळ झालीत. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "वर्ष झालं सोडून. हिच्याच सरांनी पेपरात सांगितलं ना, कॅन्सर कॅल्शियमवर पोसतो म्हणून. मी दूधसुद्धा बंद केलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईमागे मला वाढवलं ते या बाईने.

चार वर्षं मी सरांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत होते. कॅन्सरच्या पेशीत कॅल्शियम उसळलं की ती आम्ही घातलेल्या रंगामुळे चमकते आणि जागेवरून सरकू लागते. पण ते कॅल्शियम म्हणजे पेशीच्या आतला इशारा. दूध सोडून तो थांबत नाही. उलट रक्तात कॅल्शियम कमी पडलं, की शरीर ते हाडांतून ओरबाडून घेतं. सरांना हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दार न वाजवताच मी त्यांच्या खोलीत शिरले. मुलाखतीचं कात्रण टेबलावर आपटलं.

"अगं, लोकांना सोपं करून सांगावं लागतं," सर म्हणाले.

"हे सोपं नाही, खोटं आहे. माझ्या मावशीचं मनगट मोडलंय!"

"एका मनगटावरून एवढा तमाशा?"

"आणखी किती जणींनी गोळ्या सोडल्या, विचारलंत कुणाला? खुलासा छापून आणा."

"पुढच्या महिन्यात अनुदान ठरवणारी समिती येतेय. आत्ता माघार घेऊन हसं करून घेऊ? आणि तुझा प्रबंध माझ्या सहीसाठी अडलाय, विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. तिथून निघाले ती थेट संपादकांना पत्र लिहायला बसले. खाली माझं नाव आणि फोन नंबर घातला.

पत्र शब्दकोड्याच्या खाली, कोपऱ्यात छापलं. सोमवारी माझं सूक्ष्मदर्शक दुसऱ्याला दिलेलं होतं. महिनाभर मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा धुतल्या, दातओठ खाल्ले, मग दुसऱ्या एका मार्गदर्शक बाईंकडे प्रबंधासाठी नाव नोंदवलं. काम पहिल्यापासून सुरू केलं. तीन वर्षं जास्त लागली, आणि त्यातल्या एकाही दिवसासाठी मी सरांना माफ केलेलं नाही.

पत्र छापलं त्या आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला होता. "मीपण गोळ्या सोडल्यात. पण तुमचे सर एवढे मोठे, ते कसे चुकतील?"

"चुकले," मी म्हटलं. "तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. मी फोन ठेवते, तुम्ही आधी त्यांना लावा."