कबरस्तानाजवळचा सरळ रस्ता

उमसुनाईने पांढऱ्या टॅक्सीचं दार दोनदा आपटलं, तेव्हा कुठे ते लागलं.

"गाढव आहे नुसतं," ती म्हणाली. "चल."

तिच्या थोरल्याने, बाकासने, गाडी काढली. पुलापासून कबरस्तानापर्यंत आईला दोन्ही गाड्यांतून जाऊन बघायचं होतं. आधी या टॅक्सीतून, मग मेदेरच्या लाल स्पोर्ट्स कारमधून. धाकटा मेदेर त्याच सरळ रस्त्यावर, त्याच लाल गाडीच्या अपघातात गेला, त्याला उद्या वर्ष होणार होतं. दुरुस्त केलेली लाल गाडी गोठ्यात उभी होती, आणि रोज संध्याकाळी आईला तिचं इंजिन ऐकू यायचं. आत बॅटरीच नाही, हे सांगून उपयोग नव्हता. उद्या वर्षाचं जेवण झालं की गिऱ्हाईक ती घेऊन जाणार होतं.

चढाला टॅक्सी धापा टाकू लागली. मेंढ्यांचा ट्रकसुद्धा पुढे निघून गेला.

"मेदेर हसायचा हिला," बाकास म्हणाला. "म्हणायचा, दादा, माझी नुसतं बोट हललं तरी वळते, तुझी हात सोडले तरी गावाला पोचते."

"हसायला काय लागतं!"

डावीकडे कबरी आल्या. रिवाजाप्रमाणे दोघांनी दुव्याला ओंजळी उचलल्या, बाकासनेही स्टिअरिंग सोडून, आणि हात तोंडावरून फिरवले. "ओमिन." टॅक्सी आपली सरळ चालत राहिली.

"बापाच्या कबरीसमोरून वाऱ्यासारखा गेला," आई म्हणाली. "तोंडावरून हात तरी फिरवला असेल का?"

गावही हेच म्हणत होतं, की रशियात राहून पोरगा बापाला विसरला. आईला ते फार लागलं होतं. वर्षभर तिने मेदेरसाठी दुव्याला हात उचलले नव्हते, आणि उद्या तरी ती उचलेल का, हे विचारायची बाकासची छाती नव्हती.

मग बाकासने टॅक्सीची बॅटरी लाल गाडीत बसवली आणि त्यांनी ती काढली. सीट अजून मेदेरच्या लांब पायांच्या मापावर होती. बाकासने ती पुढे घेतली नाही, तसाच पाय ताणून बसला. दाराच्या कप्प्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती. आईने त्यातलं एक उचलून मुठीत धरलं.

पुलानंतर बाकासने जरासा पाय दाबला आणि दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या. मेंढ्यांचा दुसरा एक ट्रक बघता बघता मागे पडला.

"अरे, चढ कुठे गेला?" म्हणत आई हसली. मग तिने तोंडावर हात धरला.

कबरी आल्या. बाकासने वेग कमी केला. दोघांनी ओंजळी उचलल्या.

ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत रुंद टायर अडकले आणि गाडीने खंदकाकडे झेप घेतली. बाकासने स्टिअरिंग गच्च पकडलं, ब्रेक मारला. गाडी खडीवर घसरत थांबली. समोर मेदेर आदळला होता तेच पॉपलरचं झाड होतं, साल निघालेलं.

इंजिन गुरगुरत राहिलं. आईच्या ओंजळी तशाच हवेत होत्या.

"आई, मी... सवयीने हात..."

"सरळ रस्ता," ती पुटपुटली. "लोक विचारायचे, सरळ रस्त्यावर कसा गेला. त्यानेही हात उचलले होते."

तिने ओंजळी खाली घेतल्या.

"पुन्हा चल. पुलापासून."

या वेळी बाकासने गाडी अगदी हळू आणली. कबरी दिसताच त्याचा हात उचलला गेला.

"स्टिअरिंग सोडू नकोस!"

तिने आपल्या तोंडावरून हात फिरवले. मग वाकून बाकासच्या तोंडावरूनही फिरवले. मग पुन्हा ओंजळ उचलली.

"मेदेरसाठी," ती म्हणाली. "ओमिन."