मिशीचा बुडीत खर्च

नळवाले काका गॅलरीतल्या बेसिनखाली पाठीवर पडून पाना फिरवत होते आणि त्यांच्या पायांशी उभी राहून शेजारची मुलगी भिंतीला व्याख्या ऐकवत होती.

"बुडीत खर्च म्हणजे असा खर्च, जो भूतकाळात झालेला असून परत मिळवता येत नाही, सबब गुंतवणुकीचा निर्णय घेताना तो विचारात घेऊ नये."

"म्हणजे काय गं?" बेसिनखालून आवाज आला.

"म्हणजे... असा खर्च, जो भूतकाळात..."

"ते ऐकलं. म्हणजे काय?"

मुलीनं नजर परत भिंतीकडे वळवली. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत दोनदा हेच झालं होतं. परीक्षक म्हणाले, सोप्या शब्दांत सांगा, की हिच्या जिभेला कुलूप. शुक्रवारची तिसरी खेप शेवटची. नापास झाली की यादीतून नावच कट.

काका सरपटत बाहेर आले आणि आधी मिशी पुसली. बावीस वर्षांची मिशी. पाइप गळला तरी चालेल, पण तिची टोकं खाली येता कामा नयेत.

"लाव पैज. गुरुवारपर्यंत मला हे समजावून दाखव. समजलं, तर ही मिशी भर चौकात उतरवतो. नाही समजलं, तर माझी पिशवी खांद्यावर घेऊन महिनाभर गल्लीत ओरडायचं, नळ, पाइप, टाकीऽऽ!"

"तुम्ही कशाला कबूल कराल समजलं म्हणून?"

"मुद्द्याचं बोललीस," शेजारच्या दारातून न्हावी म्हणाला. फुकटचा तमाशा तो कधी चुकवत नसे. "तोंडी कबुली धरायची नाही. काका तसं वागले, म्हणजे समजलं. निकाल माझा, वस्तराही माझा."

"बघा! न्यायाधीशच जल्लाद," काका म्हणाले आणि टाळी दिली.

सोमवारी ती पुस्तक घेऊन आली. "खर्च बुडाला? कुठल्या टाकीत?" काकांनी विचारलं.

मंगळवारी तिनं सिनेमा काढला. तिकीट काढलं, सिनेमा भिकार निघाला, तर पैसे गेले म्हणून शेवटपर्यंत का बसायचं?

"झोपायला! मी तर घोरून वसूल करतो."

बुधवारी तिनं चावणारे बूट आणले. महाग होते म्हणून घालत राहिलात, तर पैसे गेलेच, वर पायही जाणार.

"मी चप्पल घालतो."

तिनं पुस्तक आपटलं आणि निघून गेली. न्हाव्यानं काकांना डोळा मारला. पण गुरुवारी सकाळी ती दारात हजर होती, पुस्तकाशिवाय.

"पिशवी उचल," काका म्हणाले. "लाँड्रीत काम आहे. वाटेत समजव."

लाँड्रीतला पंप धापा टाकत होता. लाँड्रीवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "तीनदा दुरुस्त झालाय हा. एवढा पैसा ओतल्यावर टाकून कसा देऊ? आता चौथ्यांदा करा."

काकांनी डोकं खाजवलं. "मला काय कळतंय! हिला विचारा, ही शिकलेली आहे."

मुलीनं पिशवी खाली ठेवली. "मावशी, ते पैसे पंप ठेवलात तरी गेले आणि फेकलात तरी गेले. त्यांचं नाव काढू नका. आजपासूनचं बघा. आता दुरुस्तीला घालाल ते किती दिवस पुरेल, आणि नव्याला घालाल ते किती."

मावशी बोटांवर हिशेब करू लागल्या. त्यांच्या तोंडून हो यायच्या आत काकांचा पाना जुन्या पंपाच्या बोल्टवर बसलासुद्धा.

"पकडलं!" मुलगी ओरडली. "दुरुस्त करत नाही, काढताय!"

काकांनी पाना धरलेल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात होता. संध्याकाळी न्हाव्यानं सगळं ऐकून निकाल दिला: काका हरले, रविवारी वस्तरा.

शुक्रवारी परीक्षकांनी तिच्या उत्तरातला पंप शांतपणे ऐकून घेतला आणि चष्म्यावरून बघितलं. "मग तुमच्या दोन खेपाही बुडीतच. तिसऱ्यांदा कशाला आलात?"

या वेळी जिभेला कुलूप लागलं नाही.

"त्या वसूल करायला नाही आले, सर. त्या गेल्या. पुढची चाळीस वर्षं मला हे लागणार आहे, म्हणून आले."

संध्याकाळी पास झालेल्यांची यादी लागली. तिचं नाव होतं.

रविवारी चौकात खुर्ची मांडली. अख्खी गल्ली जमली. न्हाव्यानं काकांच्या नाकापर्यंत फेस चढवला. गर्दीतून लाँड्रीवाल्या मावशी पुढं आल्या.

"अगंबाई, पैज होती होय? पण हे तर मला उन्हाळ्यापासून तेच सांगतायत. गेले ते पैसे गेले, आजपासूनचं बघा. मीच ऐकत नव्हते."

फेसातून काही तरी गुरगुर आली. काका डोळे वटारून मावशींना खुणावत होते. वस्तरा हवेत थांबला. न्हाव्यानं मुलीकडे बघितलं.

"थांबू?"

काकांच्या त्या खुणा मुलीनं टिपल्या. मग आरसा उचलून तिनं त्यांच्यासमोर नीट धरला.

"थांबताय कशाला? पैज ती पैज."

"अगं, बावीस वर्षं घातलीत हिच्यात!" काका कळवळले.

"ती गेली, काका," ती म्हणाली. "उद्यापासून चहा मिशीला लागणार नाही, एवढं बघा."

पहिला झुपका मांडीवर पडला.