पुदिन्याचा वास कुणी नेला?

मित्रांनो, मला उचलायचं तर दोन्ही हात लावावे लागतात, इतका मी जड आणि जुना लोखंडी खलबत्ता आहे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं आणि एका सासूबाईंनी मला घरी आणलं. त्या पुढच्या खोलीत खोकल्याच्या वड्या विकत. परसातला पुदिना सावलीत वाळवायचा, माझ्यात कुटायचा आणि मधात मळायचा. मी वाजू लागलो की रस्त्यावरून जाणारे म्हणत, "काय घमघमाट सुटलाय!" तेव्हा मला किती धन्य वाटे!

सासूबाई गेल्यावर दोन सुनांनी काम वाटून घेतलं. थोरली वड्या करी, धाकटी पुदिन्याचा वाफा बघे.

त्या वर्षी थंडी लवकर आणि कडाक्याची पडली. एके दिवशी पाववाला वडी तोंडात घोळवत म्हणाला, "वहिनी, पुदिना घालायला विसरलात की काय?"

थोरलीचा चेहरा पडला. पहिला संशय आला माझ्यावर. "हे जुनं लोखंडच पानांचा वास खातंय," असं म्हणून तिनं मिक्सर आणला आणि मला वाफ्याच्या कडेला नेऊन टाकलं. माझ्याकडे कुणी वळूनही पाहीना. अंगावर गंज चढू लागला.

मिक्सरनंही वास येईना. मग संशय माणसावर गेला. धाकटी रोज संध्याकाळी शालीखाली गाठोडं लपवून मागच्या दारानं बाहेर पडते, हे थोरलीनं हेरलं. ही चांगली पानं बाहेर विकते आणि घरात उरलंसुरलं देते, असं तिनं मनाशी पक्कं केलं. ती धाकटीच्या पिशव्या हुंगू लागली, कपाटाला कुलूप घालू लागली. मला खरं काय ते दिसत होतं. पण एवढं मोठं तोंड असून मला बोलता कुठे येतं!

अखेर एका संध्याकाळी तिनं धाकटीला वाफ्यापाशीच गाठलं. "दाखव, काय नेतेयस!"

धाकटीनं गाठोडं सोडलं. आत चादरी होत्या, तिच्याच अंथरुणातल्या.

"मग लपवत का होतीस?"

"तुम्ही म्हणाला असता, अंगावरची चादर झाडांना घालतेस, वेड लागलंय का? जाऊबाई, रोज पहाटे दव गोठतंय. पानं काळी पडतायत. चादरी दोनच, म्हणून निम्माच वाफा झाकते."

थोरलीनं उघड्यावरचं एक पान चुरगळून हुंगलं. नुसत्या ओल्या गवताचा वास. मग झाकलेल्या भागातलं कोवळं पान चुरगळलं, तर नाकात झणका गेला.

"कळ्या धरल्या तेव्हाच तू तोडू या म्हणाली होतीस ना?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणाले होते. फुलं आली की पानातला वास उतरतो. तुम्ही म्हणालात, थांब, अजून वाढू दे."

थोरलीनं आत जाऊन स्वतःचं पांघरूण आणलं, उरलेल्या वाफ्यावर पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून मला उचलून त्यावर ठेवलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

धाकटीनं नुसती मान हलवली. पुढे बरेच दिवस ती थोरलीशी कामापुरतंच बोलायची.

मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा घरात घेतलं. माझा गंज निघाला. पण थंडीनं काळं पडलेलं पान परत हिरवं होत नाही, नवं फुटायची वाट पाहावी लागते. म्हणून पान वेळेवर तोडा, थंडीत झाका. आणि घरच्या माणसावर बोट रोखण्याआधी एकदा वाफ्यापर्यंत चालत जा.