उसनं बोट

प्रभाकररावांची साखर जुनी. आयर्लंडमधल्या डंडॉकला मुलाकडे, नितेशकडे, राहायला आल्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आकडा उतरला नाही, तर इन्सुलिन." प्रभाकररावांनी सुईचा धसकाच घेतला. त्यात नितेशने आणलेलं साखर मोजायचं यंत्र भारी चोंबडं. पट्टीला रक्त लागलं, की आकडा थेट नितेशच्या फोनवर.

एका सकाळी त्यांनी यंत्र बायकोपुढे सरकवलं. "विजया, आजच्या दिवस तुझं बोट दे."

"अहो, पोराला फसवायचं?"

"मग बस त्याचं प्रवचन ऐकत."

विजयालक्ष्मीने बोट दिलं. आजचं रोजचं झालं. इथल्या मोजमापात पाच-सहा म्हणजे उत्तम. "बाबा, एकदम ग्रँड!" नितेश पाठ थोपटायचा, आणि प्रभाकरराव खाली मान घालून चहात बिस्किट बुडवायचे. तपासणीची तारीख ते काहीबाही सांगून पुढे ढकलत राहिले.

वर्ष सरता सरता आकडा चढू लागला. आधी सात, मग नऊ. विजयालक्ष्मी सारखी पाणी पिऊ लागली, तिचे ब्लाउज ढिले पडले. हिटरमुळे घसा सुकतो, इथलं अन्न मानवत नाही, अशी प्रभाकरराव स्वतःची समजूत घालत.

परवा यंत्राने चौदा दाखवले. नितेश तरातरा जिना उतरून आला. "बाबा, चोरून काय खाता? आता बहाणे बंद. सोमवारी मी स्वतः तुम्हाला डॉक्टरांकडे नेणार."

प्रभाकररावांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच दटावलं, बोलू नका. नितेश कामावर निघायला गाडीची चावी शोधत बाहेर गेला तशी ती कुजबुजली, "ऐकून घ्या मुकाट्याने. मला काय धाड भरलीय?"

गप्प बसणं सोपं होतं. बोलणी त्यांनी खाल्ली असती, पण औषधही त्यांनाच मिळालं असतं, हिला नाही.

"नितेश," त्यांनी हाक मारली. "रक्त माझं नाही. वर्षभर आईचं बोट टोचतोय मी."

नितेश दारातच थांबला. मग वडिलांकडे न बघता त्याने दवाखान्याला फोन लावला आणि आईचं नाव सांगितलं.

"झालं समाधान?" विजयालक्ष्मी फणकारली. "आता माझाही चहा बिनसाखरेचा!"

एरवी प्रभाकरराव हसले असते. त्यांनी नुसतं तिचं बोट हातात घेतलं. टोचून टोचून त्याचं टोक खरखरीत झालं होतं. इतके दिवस धरूनही त्यांनी ते कधी नीट पाहिलं नव्हतं.